गोठाभर सवती

मला सवती आहेत. एक असती तर झिंज्या धरून निकाल लावला असता, पण इथे अख्खा गोठा आहे. सगळ्या काळ्या-पांढऱ्या, सगळ्या दुभत्या, सगळ्या माझ्यापेक्षा वजनदार, आणि सगळ्यांवर आमच्या ह्यांचा जीव. लोकांच्या नवऱ्यांचे नाद चोरून चालतात. आमच्याकडे सगळं उजेडात, शिवाय पगारी.

हे इथल्या डेअरीचे मुकादम. तोंडावर सगळे 'मुकादम' म्हणतात आणि पाठ फिरली की 'भोंगा'. गोठ्याच्या एका टोकाला उभं राहून ह्यांनी 'चलाऽऽ' म्हटलं की दुसऱ्या टोकाची गाय तर उठतेच, पण फाटकाबाहेर टँकरमध्ये झोपलेला ड्रायव्हरही बूट चढवायला लागतो. हे नाव त्यांना माहीत आहे आणि त्याचा त्यांना अभिमानच आहे. लग्न झाल्यावर ते माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते 'दार लाव!', आणि मी दारातच उभी होते.

त्यांची सगळी बढती आवाजावर झाली. तरुणपणी ते इथे चाऱ्याची पोती वाहायला आले. मग हाताने दूध काढायला लागले, यंत्रं आली तेव्हा यंत्रावर गेले. एकदा फाटक उघडं राहिलं आणि सगळा कळप मोठ्या रस्त्यावर गेला. गाड्या थांबल्या, हॉर्न वाजायला लागले, गाई बिथरल्या, आणि तेव्हाचे मुकादम काठी हातात घेऊन नुसते नाचत राहिले. ह्यांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून अशी काही आरोळी ठोकली की कळप जागच्या जागी वळला आणि मुकाट आत आला. मालकांनी त्याच संध्याकाळी गोदामाच्या चाव्यांचा जुडगा ह्यांच्या हातात दिला. तेव्हापासून तो जुडगा कमरेला आहे आणि आवाज चढलेला आहे.

हात त्यांनी माझ्यावर कधी उगारला नाही, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही भलतंच काही धरून बसाल. पगार घरात देतात. दारूला शिवत नाहीत. लेकीला शिकवलं, तिच्या पसंतीच्या मुलाशी तिचं लग्न लावून दिलं. पण घरातला आणि गोठ्यातला आवाज एकच. 'मीठ!' म्हणजे मीठ कमी आहे. 'कपडे!' म्हणजे काय ते मी ओळखायचं. आरोळ्या गाईंनाही मिळायच्या आणि मलाही मिळायच्या, त्यामुळे माझी काही तक्रार नव्हती. वाटणी सारखी होती.

आमच्या खोल्या गोठ्याच्या पाठीमागेच आहेत. स्वयंपाकघराची खिडकी थेट गव्हाणीसमोर उघडते. मी इकडे ओट्याशी उभी असते आणि त्या तिकडे गव्हाणीत तोंडं घालून चरत असतात. त्यांच्यातली एक आहे, कपाळावर पांढरा डाग असलेली, सगळ्यांत जास्त दूध देणारी. ह्यांनी तिचं नाव ठेवलंय 'बाईसाहेब'. मला 'अगं ए', आणि तिला बाईसाहेब! तरी तेव्हा मी हसण्यावारी नेत होते, कारण बाईसाहेबांच्या मागेही ह्यांची लोखंडी नळी होतीच. दूध काढायच्या वेळी हे कठड्यावर नळी आपटायचे, खण्ण खण्ण, आणि गाई रांगेने यंत्राकडे जायच्या. नळी त्यांनी कुठल्या गाईला मारलेली मी पाहिली नाही. नुसता आवाजच पुरायचा.

मग आला बाहेरचा पैसा. मालकांना डेअरी दुप्पट करायची होती, आणि त्यासाठी परदेशातली एक संस्था पैसे गुंतवायला तयार झाली होती. त्यांचं कामच ते. कुठल्या देशात कोंबड्यांमध्ये पैसे घालतात, कुठे डुकरांमध्ये, आमच्याकडे गाईंमध्ये. पण त्यांची एक अट होती. पैसा हवा तर जनावरं सुखात पाहिजेत, आणि सुख म्हणजे काय तेही त्यांनीच ठरवून पाठवलेलं. मालकांनी सगळ्या माणसांना गोठ्यात गोळा केलं आणि ते नियम वाचून दाखवले. मी खिडकीतून ऐकत होते.

प्रत्येक गाईला झोपायला स्वतंत्र जागा, खाली मऊ वाळू. उन्हाळ्यात पंखे. प्यायला सतत ताजं पाणी. लंगडणारी गाय दिसली की त्याच दिवशी औषध. वासराची शिंगं काढायची तर आधी दुखू नये म्हणून इंजेक्शन. पाठ खाजवायला भिंतीवर फिरता ब्रश. गाय खाली येऊन उभी राहिली की तो आपोआप फिरणार. काठी बंद, नळी बंद. आणि ओरडणं बंद.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गेल्या उन्हाळ्यात आमच्या खोलीतला पंखा बंद पडला, तेव्हा हे म्हणाले होते, "खिडकी आहे ना!" इथे गाईंना दाराएवढे पंखे आले ट्रकमधून. माझी पाठ खाजते तेव्हा मी चौकटीला घासते, यांना यंत्र. आणि 'ओरडणं बंद' हे तर कुणी मला विचारलंच नव्हतं. मी आपली वर्षानुवर्षं ऐकून घेत बसले, आणि समुद्रापलीकडच्या कुणा अनोळखी माणसांना या गाईंच्या कानांची दया आली. माझ्या कानांची चौकशी करणारी संस्था कुठे असते, ते कुणाला माहीत असेल तर सांगा.

त्यावर कडी म्हणजे मला काम लागलं. पूर्वी सगळ्या गाईंची सडं दोन-चार फडक्यांनी पुसायचे. नव्या नियमात प्रत्येक गाईला प्रत्येक वेळी वेगळं, धुतलेलं फडकं. ती धुवायला कोण? मुकादमांची बायको घरीच असते की! पगार बरा होता, नाही कशाला म्हणू. पण सवतींची धुणी धुवायची वेळ आली, हे शेजारच्या टँकरवाल्याच्या बायकोला सांगताना मला हसूही आलं आणि नाकाला मिरच्याही झोंबल्या.

नियम शिकवायला त्या संस्थेने एक मुलगी पाठवली. गुरांची डॉक्टर, आमच्या लेकीच्या वयाची, आपलीच भाषा बोलणारी. सारखी 'हळू, काका, हळू' म्हणायची, म्हणून माणसांनी तिचं नाव हळूबाई पाडलं. टँकरवाल्याची बायको एक दिवस मुद्दाम माझ्या दोरीपाशी येऊन उभी राहिली.

"बघ हो. दिवसभर दोघं गोठ्यात. ती हसते, मुकादम मान डोलावतात."

"तिचं सोड," मी म्हटलं. "पोरगी आहे ती. मला त्या चार पायांच्या खुपतात."

"काहीतरीच तुझं! गाईचा काय मत्सर करायचा?"

"तुझा नवरा टँकरशी गोड बोलायला लागला की मग ये माझ्याकडे."

कारण हे खरोखरच गोड बोलायला लागले होते. त्याला कारण होती परीक्षा. पुढच्या महिन्यात परदेशातून तपासायला बाई येणार होत्या, आणि त्या वाळू-पंखे तर बघणारच, पण गाई माणसाला किती घाबरतात हेही मोजणार. हळूबाईने ते सगळ्यांना करून दाखवलं. गाय गव्हाणीशी उभी असताना समोरून एकेक पाऊल टाकत जायचं, हात पुढे, तळवा खाली. गाय मान मागे घेईल तिथे थांबायचं आणि हातापासून तिच्या नाकापर्यंतचं अंतर मोजायचं. हात नाकाला लागला तर उत्तम. दुरूनच मागे सरली तर समजायचं की या गोठ्यात भीती आहे. तपासनीस बाई स्वतः असं चालून बघणार होत्या, आणि त्यानंतर गोठ्याच्या मुकादमालाही चालायला लावणार होत्या.

मालकांनी ह्यांना बाजूला घेतलं, पण आमची खिडकी उघडी होती.

"मुकादम, तुमच्या कामाला नावं ठेवत नाही मी. पण गाई ज्याला घाबरतात त्याच्या हाती गोठा ठेवायचा नाही, असं त्यांच्या अटीत आहे. परीक्षेत अडकलो तर मला तुम्हाला गोदामावर बसवावं लागेल."

"गोदामावर?" ह्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा खाली आलेला मी ऐकला. "पोत्यांजवळ?"

गाईंवाचून हा माणूस म्हणजे काय, ते मला माहीत आहे. एकदा ताप आला म्हणून खाटेवर पडले होते, तर खिडकीशी खाट ओढून घेतली आणि तिथूनच एकेकीवर ओरडत राहिले. त्यांना गोदामावर बसवणं म्हणजे त्यांना घरी पाठवण्यापेक्षा वाईट. ते जेवले नाहीत त्या दिवशी. मीही जेवले नाही, पण माझं कारण जरा वेगळं होतं. माझ्यापासून दूर जावं लागेल म्हणून या माणसाचा घास कधी अडकला असता का, याचा मी विचार करत होते.

दुसऱ्या दिवसापासून घरात तालीम सुरू झाली. खुर्चीवर घोंगडी टाकायची, ती गाय. समोरच्या भिंतीपासून हे निघायचे, एकेक पाऊल, हात पुढे, खांदे पाडलेले, आणि तोंडाने असा काही आवाज, जो मी या घरात आल्यापासून ऐकला नव्हता. मऊ, खालचा, जरा घोगरा.

"या... या ना बाईसाहेब. काही नाही, मीच आहे. अश्शी. शहाणी माझी."

मी ओट्याशी पाठ करून उभी होते. कांदा चिरत होते, ते बरं झालं. खुर्चीला शहाणी माझी! ती खुर्ची मी पुसते, तिची मोडलेली पट्टी मी बांधून घेतली, आणि आता तिच्यावरही जळायची वेळ माझ्यावर आली होती. या माणसाच्या गळ्यात हा आवाज होता तर. इतकी वर्षं तो होता, आणि काढून द्यायला त्याला परदेशातली अट लागली.

"अगं ए," ते म्हणाले, "तू जरा गाय हो. खुर्ची काही मान हलवत नाही."

"मी नाही गाय व्हायची."

"दोन मिनिटं गं!"

"बाईसाहेबांना आणा घरात. मी जाते गोठ्यात वाळूवर झोपायला. पंखा पण आहे तिथे."

ते हसले, आणि परत खुर्चीपाशी गेले.

तालीम घरात जमली, पण गोठ्यात जमेना. ह्यांचा आवाज लोण्यासारखा झाला, पावलं मोजकी पडायला लागली, तरी हे समोर दिसायच्या आधीच गाई माना उचलायच्या, रवंथ थांबायचा आणि चारही पाय एकदम मागे. हळूबाई गेली की त्याच गाई तिच्या बोटांना नाक लावायच्या. हे गेले की गव्हाण रिकामी. तिने शर्टाचा रंग बदलायला सांगितला. बदलला. टोपी काढा म्हणाली. काढली. कदाचित वासाने असेल, असं म्हणाली, तर ह्यांनी माझा साबण वापरायला सुरुवात केली. माझा सुवासिक साबण, लेकीने पाठवलेला, सवतींना भेटायला जाण्यासाठी! तोही वाया गेला. हळूबाईही बिचारी कोड्यात पडली. ती आली तेव्हा नळी आधीच बंद झाली होती, तिने आधीचा काळ पाहिलाच नव्हता.

मला कारण कळलं ते फडकी वाळत घालताना.

गव्हाणीच्या अलीकडेच माझी दोरी आहे. दुपारची वेळ होती, गाई निवांत खात होत्या, मी एकेक फडकं झटकत गुणगुणत होते. अचानक समोरच्या सगळ्या माना वर झाल्या. तोंडं हलायची थांबली. बाईसाहेब दोन पावलं मागे झाल्या. मी इकडे तिकडे बघितलं, कुणी नव्हतं. मग लक्षात आलं, की गोदामाच्या कोपऱ्यापलीकडून ह्यांच्या चाव्या वाजत येतायत. हे अजून दिसतही नव्हते.

इतकी वर्षं आधी चाव्या वाजल्या, मग नळी वाजली, मग आरोळी आली. नळी गेली, आरोळी गेली, पण चाव्या तशाच कमरेला होत्या. आवाज मऊ करून उपयोग काय? हे बोलायच्या आधीच चाव्यांनी गाईंना सगळं सांगून झालेलं असायचं. ह्यांच्या कानांना तो जुडगा ऐकूच येत नव्हता.

हे मी गाईंकडे बघून ओळखलं, असं वाटेल तुम्हाला. तसं नाही. माझं गुणगुणणं थांबलेलं होतं, त्यावरून ओळखलं. माझ्याही नकळत थांबलेलं. हातातलं फडकं तसंच वर धरलेलं, पाठ ताठ, आणि मनात एकच, काय राहिलंय करायचं? रोज संध्याकाळी दाराबाहेर चाव्या वाजल्या की मी रेडिओ बंद करते. पाय पसरून बसले असेन तर आत घेते. लेकीशी फोनवर बोलत असेन तर तीच म्हणते, "बाबा आले ना? ठेव, मग करते." तिलाही तिकडे, इतक्या लांब, फोनमधून चाव्या ऐकू येतात. मी तिथे दोरीपाशी उभी होते आणि समोर त्या उभ्या होत्या, आणि आम्ही सगळ्या एकाच बाजूला माना करून थांबलो होतो.

मग हे आले, हात पुढे करून, गोड आवाजात. गाई मागे सरल्या. त्यांचं तोंड पडलं.

सांगायला हवं होतं ना मी लगेच? नाही सांगितलं. त्या दिवशी नाही, त्यानंतरही काही दिवस नाही. फडकी धुताना मी मनातल्या मनात भांडत होते. का सांगू? सांगितलं की चाव्या निघणार, गाई जवळ येणार, तो मऊ आवाज कायमचा सवतींचा होणार. आणि माझं काय? माझ्या वाट्याला तेच 'मीठ!'. आणि नाही सांगितलं तर हे गोदामावर जातील, पोत्यांशी गोड बोलण्यात काही अर्थ नाही, मग उरलेला सगळा माणूस माझा. असा हिशोब मी करत होते. पण उरलेला म्हणजे कुठला? खिडकीशी बसून बाहेर बघणारा. तो मला हवा होता का, याचं उत्तर मला येत नव्हतं, आणि बाईसाहेबांची फडकी मात्र मी जरा जास्तच जोरात पिळत होते.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी हे घरी आले आणि खुर्चीवर बसले. घोंगडी काढायचंही त्यांना सुचलं नाही. मी ताट वाढलं. त्यांनी हात लावला नाही.

"माझ्याच गाई," ते म्हणाले, इतक्या हळू, की मला ओट्यापासून जवळ यावं लागलं. "माझ्याच गाई मला भितात गं. मी मारलं नाही कधी एकीला. तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग का?"

डोळे भरले होते त्यांचे. मला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी अंगाची आग पण झाली. गाईंसाठी डोळ्यांत पाणी! पण तो 'मग का' काही नुसता विचारायचा म्हणून विचारलेला नव्हता. त्यांना खरंच माहीत नव्हतं. आपल्यामुळे कुणी दचकतं, हे या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं, आणि ते त्याला सोसत नव्हतं.

सकाळी ते धुतलेला शर्ट घालून निघाले आणि सवयीने जुडग्याची कडी कमरेच्या पट्ट्यात अडकवायला लागले. बाहेर मालकांची गाडी आली होती.

"चाव्या इथे ठेवा," मी म्हटलं.

"आँ? गोदाम कोण उघडणार?"

"मी उघडते."

"तुला काय कळतं गोदामातलं! आज काय नवीन..."

"ठेवा म्हणते ना!"

मी ओरडले. भोंग्याच्या बायकोला शोभेल अशी ओरडले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बाहेर हॉर्न वाजला, आणि त्यांनी जुडगा माझ्या हातात दिला. त्या घाईत का म्हणून विचारायलाही त्यांना सवड नव्हती.

गोदामाच्या दारातून गव्हाण तिरकी दिसते. चारा नेणाऱ्यांना दार उघडून दिलं आणि मी तिथेच उभी राहिले. तपासनीस बाई उंच, पांढरे बूट, गळ्यात मोजपट्टी. आधी त्या चालल्या. त्यांना गाईंनी बऱ्यापैकी जवळ येऊ दिलं. मग त्यांनी ह्यांना खूण केली. मालक खिशातला रुमाल काढून उगाच हात पुसत होते. हळूबाईने ओठ दाबून धरले होते.

हे निघाले. एक पाऊल, थांबले. दुसरं. काहीच वाजत नव्हतं. पहिल्या गाईने मान उचलली, बघितलं, आणि परत खाली घालून खायला लागली. ह्यांचा हात तिच्या नाकाला लागला तरी तिने खाणं सोडलं नाही. दुसरीने हात हुंगला. तिसरी जराशी सरली, पण थांबली. आणि बाईसाहेबांनी तर लांबूनच मान पुढे काढली आणि ह्यांचा तळवा चाटला, मग मनगट चाटलं, मग धुतलेल्या शर्टाची बाही. ह्यांनी डोळे मिटून घेतले. काहीतरी बोलत होते तिच्याशी. मला ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळत होतं की 'शहाणी माझी'.

तपासनीस बाई हसल्या. मालकांनी रुमाल खिशात घातला. डेअरीचा पैसाही वाचला, मुकादमकीही वाचली. आणि मी गोदामाच्या दारात उभी राहून जळत होते. माझ्या हाताने मी माझा नवरा सवतीच्या पदरात टाकला होता. ती अशी चाटत होती आणि ते उभे राहून चाटून घेत होते, सगळ्या डेअरीसमोर, परदेशी पाहुणीसमोर. मला आनंद झाला होता का? झाला होता. तो दिसत नव्हता एवढंच.

घरी आले. चाव्या मुठीत घट्ट धरल्या होत्या, त्या खुर्चीवरची घोंगडी काढून तिच्यात गुंडाळल्या आणि खाटेवर टाकल्या. रेडिओ लावला, मोठा. त्यांच्या खुर्चीवर बसले, पाय समोरच्या स्टुलावर पसरले, केस मोकळे सोडले, डब्यातून मूठभर शेंगदाणे घेतले आणि रेडिओबरोबर तोंडाला येईल ते गायला लागले. माझा आवाज काही वाईट नाही. म्हटलं, तिकडे चाटून घ्या तुम्ही, मला काय त्याचं?

ते कधी दारात आले ते मला कळलंच नाही.

कसं कळणार? इतकी वर्षं जे आधी सांगायचं ते आज घोंगडीत गुंडाळलेलं होतं. मी मान वळवली आणि हे उंबऱ्यात उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. मी खाडकन उठले. रेडिओ बंद केला. पाय, केस, शेंगदाणे सगळं एका दमात आवरलं आणि ओट्याशी जाऊन उभी राहिले. तोंडातला घास तसाच, चावायचा थांबलेला.

"बाईसाहेबांनी चाटलं," हे म्हणाले. तेच सांगायला धावत आले होते, दम लागला होता. "बघितलंस? तुला कसं गं कळलं, चाव्यांचं? हळूबाईलाही..."

आणि पुढचं त्यांच्या तोंडातच राहिलं. ते माझ्या गालाकडे बघत होते, तिथे अडकलेल्या घासाकडे. मग बंद रेडिओकडे. मग परत माझ्याकडे. मान वर, तोंड थांबलेलं, पाय मागे. महिनाभर त्यांना दुसरं काही शिकवलंच नव्हतं, हेच बघायला शिकवलं होतं.

उत्तर द्यायची मला गरजच पडली नाही.

ते आत आले नाहीत. उंबऱ्यावरून एक पाऊल मागे गेले, हळूबाईने शिकवलं होतं तसं, आणि दाराबाहेर बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "लाव ना परत. छान गात होतीस."

तोच आवाज. खुर्चीला मिळालेला, बाईसाहेबांना मिळालेला, मऊ, खालचा, घोगरा. ज्याच्यासाठी मी महिनाभर जळले तो शेवटी माझ्याकडे वळला होता, आणि मला इतका राग आला की रडूच फुटलं.

"गाईंना महिना लागला," मी म्हटलं. "माझं एवढ्यात नाही होणार."

"हो," ते म्हणाले.

ते तिथेच बसून राहिले. मी घास गिळला, तोंड पुसलं आणि रेडिओ लावला. आवाज मात्र बारीकच ठेवला.